जनरल शिकतो कुठे?

(छत्रपती संभाजीनगर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर गणित शिकवत. त्यांच्या हातचा मार खाल्लेले आणि ते आजही अभिमानाने सांगणारे चार-दोन जण मला पहिल्याच रांगेत दिसतायत. संयोजकांनी मला विषय सुचवला होता, ‘भारतीय सेना आणि शौर्य’. मी म्हटलं, शौर्यावर माझ्यापेक्षा खणखणीत आवाजात बोलणारी माणसं या शहरात आहेत आणि दर प्रजासत्ताक दिनाला ती बोलतातच. गणिताच्या शिक्षकाच्या नावाने बोलायचं, तर मी अभ्यासावर बोलेन. सैन्यातल्या अभ्यासावर.

मी गणवेशातला माणूस नाही. आयुष्यभर इतिहास शिकवला. एन.सी.सी.सुद्धा ‘बी’ सर्टिफिकेटवर सोडली, कारण सकाळी सहाची परेड. तेव्हा बंदुकांविषयी मला काही विचारू नका. पण इतिहासाच्या माणसाला एक खोड असते, कुणीही मोठा झाला की तो शिकला कुठे, हे तो आधी बघतो.

आता हा साधा प्रश्न घ्या. बाविसाव्या वर्षी लेफ्टनंट झालेला मुलगा अठ्ठावन्नाव्या वर्षी लेफ्टनंट जनरल होतो. मधली छत्तीस वर्षं तो काय करतो? आपण म्हणतो, लढतो. पण १९७१ नंतर आपण पूर्ण युद्ध लढलेलो नाही. १९९९ चं कारगिल एका क्षेत्रापुरतं होतं. सियाचिन आहे, काश्मीर आहे, ईशान्येची जंगलं आहेत आणि तिथली जोखीम खरीच आहे. पण एन.डी.ए.पासून हिशेब धरला, तर या माणसाची सात-आठ वर्षं चक्क वर्गात बसण्यात जातात. पन्नाशीला आलेला ब्रिगेडियर वही-पेन घेऊन वर्गात बसतो, प्रबंध लिहितो, गटचर्चेत त्याला गुण पडतात. आपल्यापैकी किती जणांनी पहिली नोकरी लागल्यावर एक तरी परीक्षा दिली? मी दिलेली नाही. रिफ्रेशर कोर्स केले, पण त्यात कुणी नापास झाल्याचं ऐकलंय तुम्ही?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. सैन्यातल्या वरच्या हुद्द्याची वाट शौर्याच्या दारातून सुरू होत असेल, पण ती पुढे सरकते ती शाळेतून. आणि ही वाट चाळीस वर्षांची असल्यामुळे ती कुठल्या गावातून, कुठल्या घरातून, कुठल्या वयात सुरू होते याला फार महत्त्व आहे.

सुरुवात जवळच्याच गावापासून करू. जालना जिल्ह्यातलं असई इथून गाडीने दोनेक तासांवर आहे. २३ सप्टेंबर १८०३ या दिवशी तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा आर्थर वेलस्लीने पराभव केला. आपण शाळेत काय शिकलो? मराठे हरले. पण कसे हरले? तोफा वाईट होत्या का? अजिबात नाही. शिंद्यांचा तोफखाना उत्तम होता. गोलंदाज पळाले का? तेही नाही. इंग्रजांच्या संगिनी अंगावर येईपर्यंत ते तोफेशी उभे राहिले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. मग उणं कुठे होतं? कवायती पलटणींचे वरचे अधिकारी आपले नव्हते. दि बोईनपासून ही फौज युरोपीय अधिकाऱ्यांनी उभी केली. युद्ध तोंडावर येताच कंपनीने शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिशांना परत बोलावलं आणि त्यातले बरेच निघून गेले. असईला पायदळ हाकायला होता पोलमन नावाचा हानोव्हरचा जर्मन. शिपाई आपले, तोफा आपल्या, आणि त्या कधी, कुठे, कशासाठी लावायच्या हे जाणणारी माणसं भाड्याची. अधिकारी घडवणारी स्वतःची शाळा आपल्याकडे नव्हती.

आणि समोरच्याकडे तरी होती का? गंमत बघा. वेलस्लीने आपले हुद्दे विकत घेतले होते! ब्रिटिश सैन्यात तेव्हा रोख पैसे मोजून बढती मिळे आणि ही पद्धत १८७१ पर्यंत टिकली. चोविसाव्या वर्षी तो लेफ्टनंट कर्नल झाला तो असा. पण १७९६ साली हिंदुस्थानकडे निघताना या गृहस्थाने स्वतःच्या खर्चाने पेटीभर पुस्तकं बरोबर घेतली: या देशाचा इतिहास, युद्धांची वर्णनं, भाषा. महिनोन्‌महिने जहाजावर तो वाचत होता. असईला तो चौतीस वर्षांचा होता. पुढे १८०६ साली नेपोलियनने येना इथे प्रशियाची दाणादाण उडवली, तेव्हा प्रशियाने तोफा वाढवण्याआधी विचार केला अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा. १८१० साली बर्लिनला युद्धशाळा निघाली. जगातल्या बहुतेक स्टाफ कॉलेजांची ती आजी. आपल्याला आपली युद्धशाळा मिळायला त्यानंतर सव्वाशे वर्षं जावी लागली आणि तीही परक्या सरकारच्या हातून.

पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदी माणसाला राजाचं पूर्ण कमिशन जवळपास बंदच होतं. १९१८ पासून सँडहर्स्टला वर्षाकाठी दहा जागा हिंदी मुलांना दिल्या गेल्या. एवढ्या मोठ्या देशाला दहा! त्या दहांत जाणाऱ्या मुलांची घरं बघा, तर संस्थानिक, जहागीरदार, सरकारदरबारी वजन असलेली. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी १९३२ साली निघाली तेव्हाही पहिल्या तुकडीत चाळीसच जण होते. त्या चाळिसांतले तिघे तीन देशांचे सेनाप्रमुख झाले: माणेकशा आपले, मुसा पाकिस्तानचे आणि स्मिथ डन ब्रह्मदेशचे.

या सँडहर्स्टच्या जमान्यातले आपले एक गृहस्थ होते. त्यांच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, संयोजकांनी घड्याळ दाखवू नये. शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. कोल्हापूरकडच्या वडगावचे. जनरल एस. पी. पी. थोरात म्हणून जुनी माणसं ओळखतात, नव्यांना नावही माहीत नाही. १९२६ साली ते सँडहर्स्टहून बाहेर पडले. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात अराकानच्या किनाऱ्यावर कांगॉची लढाई झाली. तिथल्या एका ब्रिगेडमधल्या तिन्ही पलटणींचे मुख्य हिंदी होते: थिमय्या, सेन आणि आपले थोरात. तोपर्यंत हिंदी माणूस पलटण चालवू शकेल का, यावर इंग्रज वाद घालत. तो वाद कांगॉला संपला. तिघांनाही डी.एस.ओ. मिळालं.

पण थोरातांचं मोठेपण मला कांगॉपेक्षा लखनौला जास्त दिसतं. १९५७ पासून ते पूर्व विभागाचे मुख्य होते आणि मुख्यालय तेव्हा लखनौला होतं. १९५९ साली त्यांनी ईशान्य सीमेचा नीट अभ्यास केला. रस्ते किती, खेचरं किती, दारूगोळा किती दिवस पुरेल, चीनचं सैन्य किती वेगाने येऊ शकेल. आणि कागदावर मांडलं की अगदी सीमेवरच्या चौक्या टिकणार नाहीत, खरी लढाई मागच्या, आपल्याला रसद पोचवता येईल अशा जागी लढावी लागेल. कागद वर गेला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो पटला नाही. मग मार्च १९६० मध्ये थोरातांनी लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेतला आणि तेच गणित अधिकाऱ्यांपुढे सोडवून दाखवलं. मे १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. आपल्यानंतर थोरातांनी लष्करप्रमुख व्हावं असं थिमय्यांचं मत होतं. झाले थापर. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येला जे घडलं, ते ‘लाल किला’च्या कागदांवर आधीच होतं.

आता मला सांगा, या गोष्टीत शौर्य कुठे आहे? मंत्र्याला नको असलेलं उत्तर आकडेमोड करून पुढे ठेवणं आणि ते नाकारलं गेल्यावर पुन्हा सराव घेऊन मांडणं, याला शौर्य म्हणायचं की नाही? मी म्हणतो. आणि हे शौर्य रणांगणावर शिकता येत नाही. नकाशा, रसद, इतिहास आणि स्पष्ट लिहिणं, याच्या अभ्यासातून ते येतं. शाळामास्तर म्हणून माझा पक्षपात आहे, हे मान्य.

दुसरे आपले जनरल अरुणकुमार वैद्य. अलिबागचे. १९४५ साली, युद्धाच्या धामधुमीत ते अधिकारी झाले. १९६५ ला खेमकरण भागात त्यांच्या हाताखाली डेक्कन हॉर्स होती. जुने शर्मन रणगाडे घेऊन त्यांनी पॅटनना अडवलं. पहिलं महावीरचक्र. १९७१ ला बसंतरच्या सुरुंगपट्ट्यातून चिलखती ब्रिगेड पार नेली, दुसरं महावीरचक्र. १९८३ ते ८६ ते लष्करप्रमुख होते आणि निवृत्तीनंतर काही महिन्यांतच पुण्यात त्यांची हत्या झाली. जाता जाता आपल्या शहराचा एक धागा सांगतो. १८५७ साली इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने बंड केलं, त्याच आठवणीचा आपला क्रांती चौक. त्या कंटिन्जंटच्या घोडदळातूनच पुढे डेक्कन हॉर्स घडली.

वैद्यांच्या आधीचे आणि नंतरचे लष्करप्रमुख कोण होते, ठाऊक आहे? आधी कृष्ण राव, नंतर सुंदरजी. दोघांचीही नोकरी सुरू झाली ती महार रेजिमेंटमध्ये. १९४१ साली बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने उभी राहिलेली ही रेजिमेंट. तिने देशाला दोन लष्करप्रमुख दिले, पण एक आंध्रातले आणि एक तामिळनाडूतले. यात तक्रार नाही बरं का. अधिकाऱ्याने कुठल्याही पलटणीत जावं, जवानांची भाषा शिकावी, त्यांच्यासोबत जेवावं, ही भारतीय सैन्याची फार सुंदर पद्धत आहे. आपले माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे शीख लाइट इन्फंट्रीत गेलेच की. पण इतिहासाच्या माणसाला दोन याद्या शेजारी ठेवायची सवय असते. एक यादी जवानांची. तीत महाराष्ट्र भरभरून आहे, सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यासारखी गावंच्या गावं आहेत. दुसरी अधिकाऱ्यांची. ती कितीतरी तोकडी. असईची ती जुनी जखम मला इथे पुन्हा दिसते.

आता ही वाट आज कशी आहे, ते बघू. या शहरातल्या पालकांना एन.डी.ए.पर्यंतची माहिती पाठ आहे. लेखी परीक्षा नऊशे गुणांची, त्यातलं तीनशेचं एकटं गणित. सर खूश झाले असते. मग नऊशेचीच एस.एस.बी., पाच दिवसांची. खडकवासल्याला तीन वर्षं, मग डेहराडूनला एक, मग खांद्यावर दोन तारे. आपले पेढे इथे वाटून होतात आणि आपण विषय बंद करतो.

खरी चाळणी तर पुढे आहे. कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल हे हुद्दे ठरलेल्या सेवेनंतर मिळत जातात. तेरा वर्षांत लेफ्टनंट कर्नल. मात्र त्यासाठीही पार्ट बी, पार्ट डी नावाच्या परीक्षा आहेत, अंगणवाडीपासून आपल्याला परीक्षा सुटत नाही म्हणतात ती अशी. कर्नलपासून मात्र निवड. पंधरा-सोळा वर्षांनी ‘बोर्ड लागतो’. बोर्डापुढे माणूस जात नाही, त्याचे कागद जातात: वर्षावर्षाचे गोपनीय अहवाल, कोर्सच्या श्रेण्या, कुठे कुठे काम केलं ते. तिथे एक मोठा गट थांबतो. मग ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, प्रत्येक पायरीला बोर्ड, प्रत्येक पायरीला निम्म्याहून जास्त लोक मागे. आणि वयाची दोरी वेगळीच: कर्नल चोपन्नाव्या वर्षी घरी, ब्रिगेडियर छप्पन्नाव्या, मेजर जनरल अठ्ठावन्नाव्या, लेफ्टनंट जनरल साठाव्या.

या चाळणीत सगळ्यात मोठं वळण म्हणजे वेलिंग्टन. निलगिरीतलं डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेज. मेजरच्या वयात तिथली स्पर्धापरीक्षा द्यायची: डावपेच, लष्करी इतिहास, कायदा, चालू घडामोडी. दिवसा पलटणीचं काम आणि रात्री कंदील लावून अभ्यास, कधी बर्फात, कधी वाळवंटात. बायका-मुलं दोन वर्षं ‘यांची परीक्षा आहे’ म्हणून गप्प. निवड झाली की पंचेचाळीस आठवड्यांचा कोर्स, तिन्ही दलांचे अधिकारी एकत्र, परदेशातलेही. नावाआधी हुद्दा आणि नावामागे ‘पी.एस.सी.’ लागतं. आपल्याकडची एम.पी.एस.सी. नव्हे, ‘पास्ड स्टाफ कॉलेज’. ती तीन अक्षरं नसतील तर लेफ्टनंट जनरलची स्वप्नं फारशी बघू नयेत, असं अधिकारी आपापसात म्हणतात.

हे कॉलेज जन्मलं कुठे, सांगू? देवळालीला! आपल्या नाशिकच्या देवळालीला. १९०५ साली किचनरने ते तिथे सुरू केलं, १९०७ ला ते क्वेट्ट्याला गेलं आणि फाळणीनंतर आपण आपलं वेलिंग्टनला मांडलं. आणि देवळाली एकटी नाही. तोफखान्याची शाळा आजही देवळालीला. रणगाड्यांची अहिल्यानगरला. लष्करी अभियांत्रिकी पुण्यात दापोडीला. नौदलाची इंजिनं शिकवणारं आय.एन.एस. शिवाजी लोणावळ्याला. लष्करी डॉक्टर घडवणारं ए.एफ.एम.सी. पुण्याला. आणि खडकवासला तर आहेच. देशभरातली पोरं आपल्या मातीत येऊन अधिकारी होतात. इथून पुण्याची बस पकडली तर आपल्या पोरांना सहा तास लागतात. मग एवढी वर्षं ती का पोचत नव्हती?

थांबा, त्याआधी वेलिंग्टनची एक गंमत सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सैन्याच्या शिक्षणाची आरतीच ओवाळतोय. या कोर्समध्ये दरवर्षी तेच तेच सराव असतात आणि प्रशिक्षकांकडे प्रत्येक सरावाचं एक अधिकृत उत्तर असतं, ‘डी.एस. सोल्यूशन’. मागच्या वर्षीच्या मंडळींकडून ते पुढच्यांना मिळतं. त्याला तिकडे ‘पी.सी.के.’ म्हणतात, आधीच्या कोर्सचं ज्ञान. म्हणजे काय, तर आपला अपेक्षित प्रश्नसंच! घोकंपट्टीचं दुखणं बारावीत संपत नाही, ते निलगिरीच्या थंडीतही येतं. यावर टीका करणारे लेख अधिकाऱ्यांनी स्वतःच लिहिलेत. ठरलेलं उत्तर पाठ करणारा मेजर उद्या थोरातांसारखा मंत्र्याला नको ते उत्तर देईल का? मला तो प्रश्न छळतो. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीच्या शिफारशीतून राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठाची कल्पना पुढे आली, २०१३ साली हरियाणात बिनोला इथे पायाभरणीचा दगडही बसला. विद्यापीठ उभं राहिलेलं नाही. दगड बसवण्यात आपला देश तरबेज आहे.

वेलिंग्टननंतरचं भरभर सांगतो. कर्नल झाल्यावर महूला हायर कमांड किंवा सिकंदराबादला संरक्षण व्यवस्थापनाचा कोर्स. ब्रिगेडियर झाल्यावर दिल्लीचं नॅशनल डिफेन्स कॉलेज, स्थापना १९६०, सत्तेचाळीस आठवडे. इथे शेजारी आय.ए.एस., परराष्ट्र सेवेतले लोक बसतात. विषयही बदलतात: अर्थव्यवस्था, पाणी, शेजारी देश, तंत्रज्ञान. कारण यापुढे त्याला बंदूक चालवायची नसते, देशाचे प्रश्न समजून घ्यायचे असतात.

आता पुन्हा आपल्या प्रश्नाकडे. आपली पोरं का पोचत नव्हती?

मधल्या काही वर्षांत एक नवल घडलं, ते आपल्या वर्तमानपत्रांत जेवढं गाजायला हवं होतं तेवढं गाजलं नाही. ३१ डिसेंबर २०१९ ला पुण्याचे मनोज नरवणे लष्करप्रमुख झाले. ३० एप्रिल २०२२ ला त्यांच्याकडून नागपूरच्या मनोज पांडे यांनी सूत्रं घेतली, ती ३० जून २०२४ पर्यंत. सलग साडेचार वर्षं मराठी लष्करप्रमुख. आणि त्यातच सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२४ हवाईदलप्रमुख होते विवेक राम चौधरी, मूळचे आपल्या मराठवाड्यातले, नांदेड जिल्ह्यात हदगावकडच्या हस्तरा गावचे. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ सेना आणि हवाईदल, दोन्हींच्या शिखरावर मराठी माणूस.

त्यांची शाळा कुठली? नरवणे ज्ञानप्रबोधिनीचे. पांडे नागपूरच्या केंद्रीय विद्यालयाचे. आणखी एक योगायोग बघा. नरवण्यांचे वडील हवाईदलात, पांड्यांचे वडील नागपूर विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक. आणि दोघांच्याही आई आकाशवाणीवर निवेदिका! म्हणजे दोन्ही घरांत शुद्ध, नेमकं, श्वास सांभाळून बोलणं कानावर पडत होतं. पुस्तकं होती. एस.एस.बी.त तीन मिनिटांत बोलायला सांगतात तेव्हा हे घर कामाला येतं. पुढे दोघांनीही वर्ग सोडले नाहीत. पांडे इंग्लंडच्या कँबर्ली स्टाफ कॉलेजला जाऊन आले, लष्करप्रमुख झालेले ते पहिले इंजिनियर अधिकारी. नरवण्यांनी इंदूरच्या विद्यापीठातून एम.फिल. केलं.

असं घर अंबडच्या, गंगाखेडच्या, भूमच्या मुलाला कुठून मिळणार? जरा मागे जाऊ. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. शिक्षणाचं माध्यम उर्दू, उच्च शिक्षणाची वाट हैदराबादला. १९५० साली बाबासाहेबांनी इथे मिलिंद महाविद्यालय काढलं, त्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज. १९५८ ला आपलं विद्यापीठ. पदवीधर बाप असलेली पहिली पिढी या भागात जन्मली साठच्या दशकात. सातारा सैनिक शाळा १९६१ ची, देशातली पहिली. माजी हवाईदलप्रमुख प्रदीप नाईक तिथलेच. पण इथल्या शेतकऱ्याच्या पोराला सहावीत सातारा म्हणजे परदेशच.

मग १९७७ साली राज्य सरकारने एक निर्णय घेतला. दहावी झालेल्या मुलांना निवडून, दोन वर्षं ठेवून, अकरावी-बारावीसोबत एन.डी.ए.साठी तयार करणारी संस्था काढायची. आणि ती कुठे काढली? पुण्यात नाही, मुंबईत नाही. इथे. एस.पी.आय., म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, आज सिडकोत एन-बाराला आहे ती. सकाळी मुलं पळताना दिसतात, तुम्ही बघितली असतील. दरवर्षी साठेक मुलं, सगळ्या महाराष्ट्रातून. या मुलांना तिथे काय मिळतं? लोक म्हणतात शिस्त, पळणं. मी म्हणतो, जे नरवणे-पांडे यांना घरात मिळालं त्याचा काही अंश. रोजचं वर्तमानपत्र, चार माणसांसमोर उभं राहून बोलणं, सुरी-काट्याने जेवणं, इंग्रजीची भीड मोडणं आणि गणित. घराचं जे भांडवल काही मुलांना जन्मतः असतं, ते सरकारने काहींना दोन वर्षांत द्यायचा प्रयत्न केला. मला महाराष्ट्राने घेतलेल्या मोजक्या दूरदृष्टीच्या निर्णयांत हा वाटतो.

दूरदृष्टीचा का, त्याचं गणित करू. सर असते तर फळ्यावर मांडलं असतं. १९७७ ला आलेला मुलगा अधिकारी झाला असेल १९८३ च्या आसपास. त्यात छत्तीस मिळवा. म्हणजे त्या निर्णयाचं पहिलं पूर्ण फळ दिसायला २०१९ उजाडावं लागलं. इतक्या काळात किती मुख्यमंत्री झाले, मोजा. सरकारी योजनेचं मूल्यमापन आपण दोन वर्षांत मागतो. यंदा एन.डी.ए.ला किती लागले, एवढाच आकडा छापून येतो. त्यातले वेलिंग्टनला किती गेले, कर्नलचा बोर्ड किती जणांनी पार केला, हे कुठल्या वर्तमानपत्राने कधी विचारलं? खरी कसोटी तिथे आहे. आणि त्यासाठी माझी संबंधितांना सूचना आहे: अकरावीच्या त्या पोरांना एस.एस.बी.च्या तयारीइतकंच लष्करी इतिहास वाचायला द्या. थोरातांचं आत्मचरित्र द्या. असईला एक दिवस घेऊन जा, नदीचा उतार दाखवा, तोफा कुठे होत्या ते दाखवा. दोन तासांचा तर रस्ता आहे. पस्तिसाव्या वर्षी ज्याला स्टाफ कॉलेजची पुस्तकं कंदिलाखाली वाचायची आहेत, त्याला वाचनाची गोडी सोळाव्या वर्षीच लागलेली असली पाहिजे. शिकवण्यांच्या बाजारात ही गोडी मिळत नाही, तिथे पी.सी.के. मिळतं.

आता शेवटचं, आणि हे विशेषतः मागे बसलेल्या मुलींसाठी. लेफ्टनंट जनरल झालेल्या आपल्या मराठी बाई म्हणजे माधुरी कानिटकर, २०२० साली. ए.एफ.एम.सी.तून शिकलेल्या, बालरोगतज्ज्ञ, पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू. डॉक्टरीच्या वाटेने बाई तिथवर पोचत होती. इतर शाखांची वाट का बंद होती? धैर्य कमी होतं म्हणून? वर्ग बंद होता म्हणून. कायम कमिशन आणि हुकूम चालवायची जागा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० च्या निकालाने दिली. एन.डी.ए.चं दार ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने उघडलं. स्टाफ कॉलेजची परीक्षा सेनेतल्या महिला अधिकारी पहिल्यांदा २०२२ साली उत्तीर्ण झाल्या. आणि ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून पहिल्या सतरा मुली बाहेर पडल्या. महाराष्ट्राने मुलींची एस.पी.आय. नाशिकला २०२३ साली सुरू केली.

पुन्हा तेच गणित. २०२३ ला नाशिकला गेलेली मुलगी २०२५ ला खडकवासल्यात, २०२९ च्या सुमारास लेफ्टनंट, २०४५ च्या आसपास कर्नलच्या बोर्डावर, आणि सगळं जमलं तर २०६५ ला लेफ्टनंट जनरल. तेव्हा मी नसेन, या सभागृहातले निम्मे नसतील. पण आज नववीत असलेल्या ज्या मुली मागे बसल्यात, त्यांची दहावीनंतरची प्रवेशपरीक्षा दीड वर्षावर आहे.